अर्धी गोळी

(दांडिया बाजार, बडोदा. पहाट. एका खोलीतलं स्वयंपाकघर.)

हा पानाचा डबा मावशींच्या सासूबाईंचा. सुपारी त्यात आता नसते, पण अडकित्ता टिकलाय. महिनाअखेर आली की तो बाहेर निघतो. आज मावशी त्याने रक्तदाबाची गोळी कातरताहेत. अर्धी आज, अर्धी उद्या. डॉक्टरांनी रोज एक सांगितली आहे.

मावशींचं वय ६२. चार घरी पोळ्या लाटतात, पहिलं घर सकाळी सातला.

सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, हे आम्ही त्यांना सांगून पाहिलं.

"मिळतात रे बाबा. पण केसबारीच्या, म्हणजे केसपेपर काढायच्या खिडकीच्या, लाइनीत उभी राहिले की सकाळची दोन घरं बुडतात. एखाद्या वेळी बाई समजून घेतात. दर महिन्याला कोण घेईल?"

म्हणून त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या घेतात. कधी पट्टी, कधी चारच.

(भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी.)

आयुष्मान कार्ड आहे, रेशनकार्डाला चिकटून ठेवलेलं. गुजरातेत त्यावर वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मंगळसूत्र गहाण न ठेवता घरातल्या माणसाची हृदयशस्त्रक्रिया होते, ही लहान गोष्ट नव्हे. पण हे कार्ड मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतं. मेडिकलच्या काउंटरवर रोजची गोळी घेताना ते पिशवीतच राहतं. उद्या रक्तदाब चढून मावशींचं अर्धं अंग लुळं पडलं, तर त्यांच्यासाठी लाखभर खर्च होईल. तो झटका टाळणाऱ्या गोळीसाठी मात्र त्यांनी रोजी बुडवायची. आम्हाला हे उलटं वाटतं, आणि मनापासून खटकतं.

नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या सरकारी आरोग्य समितीने १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, लिहून ठेवलं होतं: पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणीही योग्य उपचारांना मुकता कामा नये. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की, सरकारी रुग्णालयाने गरजूला वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे त्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे. पण 'वेळेवर' म्हणजे फक्त अपघाताच्या रात्री का? पोळ्या लाटणाऱ्या बाईची वेळ कोणती, हेही त्यात यायला हवं.

(सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, काळा घोडा चौक.)

ऐपत न पाहता सगळ्यांना देणं या शहराला नवं नाही. १९०६ साली सयाजीरावांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाने शिकावं की नाही, हे त्यांनी बापाच्या मिळकतीवर सोडलं नाही. अलीकडे, २०२४ च्या ऑक्टोबरपासून, ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजना खुली झाली आणि उत्पन्नाची अट गळली. म्हणजे अट काढता येते. मग हाताला सुरकुत्या पडेपर्यंत थांबायचं कशाला?

मावशींना काय हवं, तेही आम्ही विचारलं. वाटलं, पैसे म्हणतील.

"संध्याकाळी सातनंतर उघडा असेल असा दवाखाना. चालत जाता येईल एवढा जवळ. आणि तिथे डॉक्टर बसलेला असावा."

(डब्याचं झाकण लागतं.)

उरलेली अर्धी गोळी कागदात गुंडाळून चुन्याच्या डबीत गेली. पावणेसात झाले. मावशी चपला घालून निघाल्या.