जनरलसाहेबांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याहून सातारा, कोल्हापूर करत बेळगावच्या दिशेने तुम्ही कधी ना कधी गेला असाल. तो रस्ता सुवर्ण चतुष्कोन महामार्गाचा भाग. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा, ५,८४६ किलोमीटरचा. त्याचं श्रेय अटलबिहारी वाजपेयींना दिलं जातं, आणि ते रास्तच आहे. पण काम ऐन भरात असताना, २००० ते २००४ या काळात, रस्ते खातं ज्यांनी सांभाळलं त्यांचं नाव आपल्याकडे क्वचितच निघतं. ते नाव मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी.

जन्म १९३४ चा, डेहराडूनचा. १९५४ मध्ये ते लष्कराच्या इंजिनिअर कोअरमध्ये अधिकारी झाले. आपल्या दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातही ते शिकले, म्हणजे पुण्याचं पाणी प्यायलेला माणूस. पस्तीसहून अधिक वर्षं वर्दीत काढली, अतिविशिष्ट सेवा पदक मिळवलं आणि १९९१ मध्ये आजच्या उत्तराखंडातल्या डोंगराळ गढवालमधून भाजपचे खासदार म्हणून ते लोकसभेत गेले.

गढवाल समजायचं तर आपलं साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी डोळ्यांसमोर आणा. घराघरात फौजी. पोरं पलटणीत, शेतीभाती आणि गुरंढोरं बायकांच्या अंगावर, आणि कित्येक वर्षं घर चालायचं ते मनिऑर्डरीवर. अशा मुलखात ‘जनरलसाहेब’ म्हटलं की माणसं उठून उभी राहतात. पण मत देताना तीच माणसं विचारतात, आमच्या गावापर्यंत रस्ता कधी येणार? आमच्या शाळेत मास्तर का टिकत नाही?

मास्तर टिकत नाही, कारण डोंगरावर जायला कुणी राजी नसतं. ज्याची ओळख त्याला डेहराडून, ज्याची नाही त्याला बर्फ. ही सगळ्याच राज्यांची दुखरी जागा आहे. २००७ मध्ये खंडुरी उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले, आणि शिस्तीचा माणूस म्हणून कौतुक व्हायचं तितकाच त्या शिस्तीचा जाचही अनेकांना वाटायचा. २००९ च्या लोकसभेत राज्यातल्या पाचही जागा पक्षाने गमावल्या आणि खंडुरींनी पद सोडलं.

मग सप्टेंबर २०११ मध्ये, निवडणूक तोंडावर आल्यावर, पक्षाला त्यांचीच आठवण झाली. हाताशी जेमतेम सहा महिने होते. पण त्या काळात त्यांनी बदल्यांचा कायदा केला, आणि मुख्यमंत्र्यालाही चौकशीच्या कक्षेत आणणारं लोकायुक्त विधेयक विधानसभेत मंजूर करून घेतलं. राळेगणसिद्धीच्या अण्णांनी त्याची मोकळेपणाने तारीफ केली. स्वतःवरच बडगा उगारणारा कायदा स्वतः आणायचा, याला छाती लागते. पुढच्या सरकारने तो बाजूला सारून आपला वेगळा आणला, आणि राज्याला लोकायुक्त वर्षानुवर्षं मिळालाच नाही. याची मला आजही चीड येते.

२०१२ ची निवडणूक. प्रचारात घोषणा होती, ‘खंडूडी है जरूरी’. सत्तर जागांपैकी काँग्रेसला ३२, भाजपला ३१. आणि कोटद्वारमधून उभे असलेले खुद्द खंडुरी साडेचार हजारांच्या आसपास मतांनी पडले! पक्ष एका जागेने मागे राहिला, आणि पडलेल्या जागांत एक त्यांची स्वतःची होती. दहा वर्षांनी त्यांची मुलगी ऋतू खंडुरी भूषण यांनी त्याच कोटद्वारमध्ये, त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवलं आणि उत्तराखंड विधानसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

खंडुरींच्या मंत्रिपदाच्या काळातली एक जखमही सांगायला हवी. महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. तेव्हा रस्ते खात्याचे मंत्री खंडुरीच होते. मंत्री सचोटीचा असला तरी ती सचोटी कंत्राटदाराच्या खडीपर्यंत पोचत नाही, हे त्या तरुणाच्या मृत्यूने दाखवलं. रस्त्याचं कौतुक करताना हे नाव गाळणं मला जमत नाही.

२०१४ मध्ये गढवालने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर. ते संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. मार्च २०१८ मध्ये या समितीने संसदेपुढे आकडे ठेवले: लष्कराकडची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातली आणि अवघी ८ टक्के अद्ययावत. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. पण ज्याने हयातभर दारूगोळ्याची मोजदाद पाहिली, तो मोजणीत पक्ष बघत नाही. जवान चौकीवर उभा आहे आणि त्याच्या हातातलं हत्यार जुनं आहे, एवढंच त्या अहवालाला सांगायचं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीला नवा अध्यक्ष मिळाला. २०१९ ची निवडणूक खंडुरींनी लढवली नाही.

नमस्कार.