वाळवंट खरंच चाल करून येतं का?

सहाराच्या दक्षिणेला, आफ्रिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, साहेलचा पट्टा पसरला आहे. १९७० च्या आसपास इथे सलग काही वर्षं पावसाने दगा दिला. गुरं मेली, माणसं मेली. आणि जगाच्या मनात एक चित्र पक्कं बसलं: वाळवंट चाल करून येतंय.

चित्राला आकडाही मिळाला. १९७५ मध्ये सुदानची पाहणी करून ब्रिटिश परिसंस्था-अभ्यासक ह्यू लॅम्प्री यांनी मांडलं, की १७ वर्षांत वाळवंटाची कड ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकली. असे आकडे फार लवकर पाठ होतात. पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले संशोधक त्याच मुलखात गेले. अशी सरळ आगेकूच त्यांना सापडली नाही. नासाचे कॉम्प्टन टकर यांनी १९८० पासूनची हिरवाई उपग्रहांवरून मोजली. सहाराची कड पावसाबरोबर पुढेमागे होत होती.

मग धोका खोटा? मुळीच नाही. जमीन बिघडते, पण कडेवरून नव्हे, जागोजागी, आतून. झाडं जातात, माती उघडी पडते, तिच्यावर कडक पापुद्रा धरतो. मग पाऊस पडला तरी पाणी मुरत नाही.

साहेलमधल्याच नायजर देशाच्या मराडी भागात टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपं लावत होते. बहुतेक रोपं मरत. १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की शेतातली खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांच्या खुंटांना फुटलेले धुमारे आहेत. मुळं जिवंतच होती! मोजके धुमारे राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढंच काम. अडचण कायद्याची होती: शेतातलं झाडही सरकारी मालकीचं. तो जाच सैल झाला, तशी ही रीत शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे गेली. नेदरलँड्सचे क्रिस रेय आणि अमेरिकेचे ग्रे टॅपन यांनी जुनी हवाई छायाचित्रं नव्या चित्रांशी ताडली, तेव्हा कळलं, सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परतली आहेत.

आफ्रिकी संघाने २००७ मध्ये हाती घेतलेली ‘महाहरितभिंत’ आधी झाडांची सलग रांग म्हणून कल्पिली होती. आज तिच्यात शेतं, कुरणं, पाणलोट असं सगळंच येतं. २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर बिघडलेली जमीन सावरायची, हे उद्दिष्ट मात्र अजून लांब आहे.

संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार १९९४ चा. त्यातले देश आता जमिनीची तब्येत तीन खुणांवरून मोजतात: जमिनीवरचं आच्छादन, उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत साठलेला कार्बन. पहिल्या दोन उपग्रहाला बऱ्यापैकी दिसतात. कर्बासाठी मात्र शेतात उतरून माती काढावी लागते, ती प्रयोगशाळेत तपासावी लागते, आणि एका देशाचा आकडा दुसऱ्याशी जुळायचा तर दोघांची तपासायची पद्धतही एकच लागते.