खोबण बसली, पण पापणीचं काय?

आवाज येतोय ना मागे? बरं. मला वीस मिनिटं दिलीत, त्यातली पाच सत्कारात आणि शालीची घडी घालण्यात गेली. पत्रिकेवर विषय छापलाय 'डोळ्याभोवतीचं फ्रॅक्चर: छेद कुठून घ्यावा'. तिथे येतोच, पण आधी माझं नेहमीचं रडगाणं ऐका, ते ऐकल्याशिवाय छेदाला काही अर्थ नाही.

आपण सगळे सीटी स्कॅनवर फिदा आहोत. बाईकवरून पडलेला पोरगा येतो, हेल्मेट कोपराला अडकवलेलं, म्हणजे कोपर सुरक्षित, गालाचं हाड आत आणि डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटलेला. तळ म्हणजे काय, जेमतेम अर्धा मिलिमीटर हाड. आपण जाळी घालतो, प्लेट लावतो, दुसऱ्या दिवशीचा सीटी ग्रुपवर टाकतो, खाली अंगठ्यांची रांग. पण पेशंट सीटी बघत नाही हो, तो आरसा बघतो.

माझ्याकडे एक किराणा दुकानदार आले होते, ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, कुठे ते विचारू नका, इथेच भांडण होईल. सीटी एकदम देखणा. पण खालची पापणी खाली ओढलेली, बुबुळाखाली पांढरं दिसतंय, डोळा कायम वटारलेला. म्हणाले, डॉक्टर, उधारी मागायला बरं पडतं, पण रोख देणारं गिऱ्हाईकही विचारतं, शेठ, काही चुकलं का आमचं? घरी बायको म्हणते, माझ्याकडे असं बघू नका. हसताय तुम्ही, पण त्या माणसाला रात्री डोळा नीट मिटता येत नव्हता, सकाळी लाल, दिवसभर पाणी, आणि बुबुळाचा खालचा भाग कोरडा पडायला लागला होता. आधी ज्यांना दाखवलं ते म्हणाले, फ्रॅक्चर छान बसलंय, काळजी करू नका. अरे, फ्रॅक्चरची काळजी कोण करतंय?

याचं मूळ जुनं आहे असं मला वाटतं. 1957 मध्ये न्यूयॉर्कला स्मिथ आणि रेगन या डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंगचा बॉल ठेवून वर हातोडा मारला. हर्लिंग म्हणजे आयरिश लोकांचा खेळ, आपल्याकडे गल्लीतला सीझन बॉल तेच काम करतो. खोबणीची कड शाबूत आणि तळ फुटला. भारी प्रयोग, मला खूप आवडतो, पण तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष तळावर. ज्या पापणीतून आपण आत शिरतो तिला वाटेतलं दार समजतो आणि दार कोणी तपासत नाही.

खरं तर तपासायला दहा सेकंद लागतात. सूज असेल तर ती उतरू द्या, मग खालची पापणी चिमटीत धरून पुढे ओढायची, सोडायची, आणि पेशंटने पापणी मिटायच्या आत ती जागेवर बसते का बघायचं. वय झालेल्यांची लोंबत राहते. अशा पापणीला ऑपरेशननंतरचा व्रण सहज खाली खेचतो. आणि आधीचा फोटो काढा, कृपा करून. आधार कार्डावरचा चालणार नाही, त्यात सगळ्यांचेच डोळे तसे दिसतात.

दहाच मिनिटं? चिठ्ठी आली बघा. बरं, पळतो आता.

पापणीचे तीन थर: पुढे कातडी आणि स्नायू, मागे टार्सस, म्हणजे पापणीला ताठ ठेवणारी पट्टी, आणि आतलं गुलाबी अस्तर, आणि मधला पातळ पडदा म्हणजे सेप्टम. सगळ्यात छळवादी हाच. तो खोबणीच्या कडेला चिकटला की पापणी आखडते, मग बोटाने वर ढकलली तरी जात नाही. म्हणून बंद करताना सेप्टमला टाका घालू नका. रक्तस्राव नीट थांबवा. गालाचा मांसल भाग हाडावरून सोडवला असेल तर तो परत वर टांगा, नाहीतर तोच पापणीला घेऊन खाली येतो.

आता छेद. पापण्यांच्या केसांच्या लगेच खालून गेलात तर व्रण छान लपतो, पण पापणी बाहेर वळण्याचा धोका या वाटेने जास्त. थोडं खालून, टार्ससच्या खालच्या कडेपाशी घेतलात तर व्रण जरा दिसतो, पापणी मात्र जास्त सुखरूप. आतल्या अस्तरातून जायची वाट फ्रेंच सर्जन टेसिए यांनी 1973 च्या सुमारास रुळवली, बाहेर व्रणच नाही, पापणी बाहेर वळणंही कमी, पण ती आत वळून केस बुबुळाला घासू शकतात. डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून जागा वाढवलीत तर तो जागच्या जागी शिवा, नाहीतर डोळ्याचा आकारच बदलतो. मला विचाराल तर साध्या तळासाठी अस्तरातून. शेवटी एक-दोन दिवस फ्रॉस्टचा टाका, पापणी वर ताणून कपाळाला.

आणि झालंच वाकडं तर? मालिश वरच्या दिशेने, रात्री मलम, आणि धीर. बरंचसं आखडणं काही महिन्यांत सैल होतं, म्हणून लगेच परत कापायला धावायचं नाही. बुबुळ उघडं पडून खराब होत असेल तर मात्र थांबायचं नाही. मग कोपरा घट्ट करणं, टाळूचा किंवा कानाचा तुकडा मागच्या थराला, कातडी कमी असेल तर वरच्या पापणीची.

हो, तुमचा प्रश्न? मालिश खोबरेल तेलाने? नको हो काकू, डोळ्यात जाईल. हात धुवायचे, नुसत्या बोटाने किंवा दिलेलं मलम लावून. आणि टाके पिकलेले नाहीत ना, हे आधी दाखवून घ्यायचं.