छातीतला डाग, अन् जुना फोटो
नमस्कार मंडळी! बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथनं ऐकताय तिथनं ऐका. खोकला जाईना म्हणून छातीचा फोटो काढला, मग सीटी स्कॅन, रिपोर्टात लिहिलंय ‘नोड्यूल’ आणि घरात रडारड सुरू. थांबा की ओ जरा.

नोड्यूल म्हणजे फुप्फुसातली 3 सेंटीमीटरपर्यंतची गाठ, एवढंच. कसली, ते नावावरनं कळत नाही. आपल्याकडं टीबी बरा झाल्यावर वण राहतोय, त्यात चुना (म्हणजे कॅल्शियम) साचतोय, आणि मधोमध असा चुना दिसला तर उलट बरंच. हमार्टोमा म्हणून एक साधी गाठ असते, तिच्यातल्या चुन्याला डॉक्टर लोक पॉपकॉर्नच म्हणतात. आणि उद्यमबागच्या फौंड्रीत वाळूच्या धुळीत वर्षं काढलेल्या माणसाच्या छातीत सिलिकाच्या गाठी होऊ शकतात, त्या एकमेकीला चिकटून मोठ्या झाल्या की स्कॅनवर कॅन्सरच वाटतोय.

मग पेट स्कॅन करा म्हणतात. त्यात साखरेसारखं औषध शिरेतनं देतात, जिथल्या पेशी ते जास्त ओढतात ती जागा चमकते. पण अजून चालू असलेला (ॲक्टिव्ह) टीबीपण ते औषध ओढतोय! म्हणून नुसतं चमकलं यावर निकाल लावू नका.

सगळ्यात कामाचा जुना फोटो. घट्ट गाठ 2 वर्षं तेवढीच राहिली तर बहुतेक साधीच. आणि आपण काय करतो, जुनी फिल्म पोरांना ग्रहण बघायला देतो (तेही डोळ्याला वाईटच). बीडी-सिगरेट न ओढणाऱ्याची 6 मिलिमीटरपेक्षा लहान घट्ट गाठ असली तर बऱ्याचदा पुन्हा स्कॅनसुद्धा लागत नाही. 8 च्या वर असली तर मात्र तीनेक महिन्यांनी परत स्कॅन, नाहीतर पेट, नाहीतर सुईनं तुकडा काढून तपासणी. बीडी ओढणाऱ्यानं हा हिशोब स्वतःला लावायचा नाही, त्याचा वेगळा.

आता उलटी बाजू, मला हीच जास्त खटकते. ‘टीबीच असणार’ म्हणून काही न तपासता गोळ्या सुरू करतात, महिने जातात, आणि निघतो कॅन्सर. सुई लावली की पसरतंय या भीतीनं तुकडा टाळायचा, हेपण तसलंच. टीबीचा संशय असला तर सरकारी दवाखान्यात कफाची सीबीनॅट तपासणी फुकट होते, फक्त खोल खोकून काढलेला सकाळचा कफ द्या, नुसती थुंकी नको.