शक्ती बँड आणि सतरावी मात्रा

नमस्कार मंडळी! गेल्या महिन्यात तिहाईवरचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवट करायच्या प्रकारावरचा, छोटा व्हिडिओ टाकला, शेवटी जाता जाता गिटार आणि आपली वाद्यं एकत्र आणणाऱ्या ‘शक्ती’ बँडचं नाव घेतलं, आणि तेव्हापासून कमेंटमध्ये तिहाई बाजूलाच राहिली आहे. ‘ताई, शक्तीवर बोला ना.’ ‘कुठल्या अल्बमपासून ऐकू?’ ‘शंकर महादेवन यांचाच बँड ना हा?’ बोलते, आज शक्तीवरच बोलते. पण तिहाई सोडणार नाही, कारण मला हा बँड कळला तो तिहाईमुळेच.

इतिहास भरभर सांगते, तो तुम्हाला कुठेही मिळेल. शक्तीचा गिटारवाला जॉन मॅकलॉफलिन, इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा, जन्म १९४२ चा. गिटार घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि १९६९ मध्ये जाझमधला मोठा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायला लागला. जाझ आणि रॉक एका भांड्यात शिजायला लागले ते याच सुमाराला. मग त्याने स्वतःचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला, पहिला अल्बम १९७१ चा. दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार, बिली कॉबमचे ड्रम्स, आवाज असा की घरात लावला तर शेजारी दार वाजवतील. १९७३ संपता संपता तो मूळ संच फुटला.

आणि ह्या सगळ्या गदारोळात हा माणूस अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्यासमोर बसून वीणा शिकत होता! तिथेच त्याला व्हायोलिन वाजवणारे एल. शंकर भेटले. आपले तबल्याचे झाकीरभाई, म्हणजे उस्ताद झाकीर हुसेन, माहीमचे, तेव्हा कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात शिकवायचे. घटमवर, म्हणजे मातीच्या घड्यावर, विक्कू विनायकराम, दक्षिणेच्या मृदंगमवर रामनाड राघवन. हे पाच जण म्हणजे शक्ती. ५ जुलै १९७५ ला लाँग आयलंडवरच्या साउथहॅम्प्टन कॉलेजात मैफल झाली, तिचं रेकॉर्डिंग म्हणजेच पहिला अल्बम. तो १९७६ मध्ये आला. त्यानंतर ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’, आणि १९७७ मध्ये ‘नॅचरल एलिमेंट्स’. त्या पर्वातले तीन अल्बम, बस. सांगून झालं.

आता माझ्या मनात जे खदखदतंय ते. झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला गेले, त्यानंतर रील्सचा पूर आला. गिटारच्या खाली तबल्याचा तयार लूप सरकवायचा आणि वर लिहायचं, ‘शक्ती स्टाइल फ्यूजन’. मला याचा खरंच त्रास होतो. लूप कोणाचं ऐकत नाही हो! गिटारवाल्याने अर्धी मात्रा मागे ओढली तर लूपला ते कळतच नाही. शक्तीमध्ये तर सगळा खेळच एकमेकांचं ऐकण्याचा आहे. पहिल्या अल्बममधलं पहिलंच वादन, ‘जॉय’, अठरा मिनिटांचं आहे. त्यात व्हायोलिन पुढे असताना तबला काय करतोय तेवढंच ऐका. एवढी एक गोष्ट केलीत तरी माझा व्हिडिओ सार्थकी लागला.

पण त्याहून मोठी चूक अशी की सगळ्यांना फक्त पूर्व आणि पश्चिम दिसते. गिटार गोरी, तबला देशी, झालं फ्यूजन. अहो, शक्तीमध्ये दोन भेटी झाल्या. एक मॅकलॉफलिनची आपल्या संगीताशी. दुसरी उत्तरेची दक्षिणेशी. पंजाब घराण्याचा तबला आणि तमिळनाडूचा घटम एका चौथऱ्यावर मांडीला मांडी लावून बसले होते, आणि माझ्या मते अवघड भेट ही दुसरी होती. का, ते तिहाईशिवाय सांगताच येत नाही. म्हणून आता पाच मिनिटं माझ्याबरोबर टाळी द्या.

तिहाई म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे: एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा ठोका समेवर, म्हणजे तालाच्या फेऱ्याच्या, आवर्तनाच्या, पहिल्या मात्रेवर. तीनताल घेऊ. समेपासून उचलायचं. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा गप्प, परत पाच, परत एक गप्प, परत पाच. बेरीज करा. पाच, सहा, अकरा, बारा, सतरा. सतरा! आणि इथेच कमेंट येतात. ‘ताई, तीनताल सोळा मात्रांचा असतो, तुमची एक मात्रा जास्त झाली.’ काहींनी तर मला नवीन तुकडा बसवून पाठवला, बरोबर सोळाचा. मनापासून केलंय, मला कौतुक आहे. पण तो वाजवून बघा, तुम्ही समेच्या एक मात्रा आधी येऊन थांबाल.

सतराच हवेत. कारण सतरावी मात्रा हीच पुढच्या आवर्तनाची पहिली. ज्या समेवरून निघालात ती मोजलीत, आणि ज्या समेवर पोचलात तीही मोजलीत.

पटलं नाही? दुसऱ्या बाजूने बघू. सोमवारी तुम्ही ब्लाऊज शिवायला टाकलंत. टेलर म्हणाला, ‘आठ दिवसांनी या.’ तुम्ही कधी जाता? पुढच्या सोमवारी. आता सोमवार ते सोमवार दिवस किती? सात. मग तो आठ का म्हणाला, आणि तुम्हाला ते चुकीचं का नाही वाटलं? कारण आपण जायचा सोमवार आणि यायचा सोमवार, दोन्ही धरतो. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणतो तेव्हाही तेच, दिवस असतात चौदा. म्हणजे आपली आजी रोज समेवरून समेवरच मोजत होती! ज्याला ‘आठ दिवसांनी या’ कळतं त्याला सतरा मात्रांची तिहाई कळायलाच हवी.

तिसरी बाजू, आणि मग पुढे जाते. हे बघा, टेबलावर मी शेंगदाणे मांडलेत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, एका रांगेत सतरा. दाणा म्हणजे मात्रेचा आरंभ, जिथे टाळी पडते ती जागा. दोन दाण्यांमधलं अंतर म्हणजे मात्रेची लांबी. अंतरं मोजा: सोळा. दाणे सतरा, अंतरं सोळा. आवर्तन अंतरांचं असतं आणि तिहाई आपण दाण्यांनी मोजतो. एवढाच घोळ आहे, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याचा होतो.

आता खरी गंमत. मी कॉलेजात असताना गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात माझी एक मैत्रीण माझ्याबरोबर बसली. ती माटुंग्याची, मृदंगम शिकणारी. ठरलं असं की शेवटी दोघींनी मिळून ‘त दिं गि ण तोम’ तीनदा वाजवायचं. अक्षरं पाच, तीनदा म्हणजे पंधरा, मध्ये थांबायचं नाही. रंगीत तालमीत दोघी एकदम उचललं आणि माझा शेवटचा ठोका समेवर पडला, तिचाही तिथेच, आणि ती थांबली, म्हणाली, ‘तू उशिरा घेतलंस.’ मी म्हणाले, ‘समेवर तर आलो!’ ती म्हणाली, ‘समेवर यायचंच नसतं. समेच्या आधी संपवायचं, म्हणजे समेवर गाणं परत उचलता येतं.’

दोघी बरोबर होतो. आमच्या हिंदुस्तानी पद्धतीत तिहाईचा शेवटचा ‘धा’ समेवर पडतो. त्यांच्याकडे, कर्नाटक संगीतात, मोरा किंवा कोरवै या तिहाईसारख्या शेवटांमधलं शेवटचं अक्षर साधारणपणे ठरलेल्या जागेच्या आधी पूर्ण होतं आणि त्या जागेवर पुढची गोष्ट सुरू होते. म्हणजे तेच पंधरा दाणे मी तिसऱ्या मात्रेपासून मांडणार, तिसरी ते सतरावी. ती दुसऱ्या मात्रेपासून मांडणार, दुसरी ते सोळावी, आणि मग सम. बोल तेच, फरक एका दाण्याचा. पण तो एक दाणा आधी बोलून ठरवला नाही तर रंगमंचावर दोन सुशिक्षित हात एकमेकांवर आपटतात.

त्या संध्याकाळी मी चिडूनच घरी आले. माझे काका काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणायचे, त्यांनी कपाटातून ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ काढली आणि म्हणाले, हे ऐक, मग भांड. ‘ला डान्स दु बोनर’ नावाचं वादन त्यात पहिलंच आहे. सुरुवातीला वाद्यंच नाहीत, नुसते तोंडाने म्हटलेले बोल, कोन्नकोल. आणि मग ते सगळे एका ठिकाणी असे उतरतात की अंगावर काटा येतो. एका दाण्याचाही फरक नाही. तेव्हा मला कळलं की हे लोक किती बोलले असतील, किती वेळा थांबून ‘तू कुठून उचललंस?’ असं विचारलं असेल. शक्तीचं मोठेपण मला तिथे दिसतं.

गिटारबद्दलही तेच. ‘फ्यूजन म्हणजे भेसळ’ असं एका काकांनी कमेंटमध्ये लिहिलंय. काका, मी तुमचा आदर करते, पण हे ऐका. मॅकलॉफलिनला वीणेसारखी गमकं, म्हणजे सुराची आंदोलनं, हवी होती आणि साध्या गिटारवर तार तेवढी खेचली जात नाही. म्हणून एब्राहम वेक्टर या कारागिराने गिब्सनसाठी वेगळी गिटार घडवली. पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे बोट आत दाबून सूर वर चढवता येतो. वर सात तरफेच्या, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या, तारा, सतारीला असतात तशा. जो माणूस गमकासाठी आपलं वाद्यच बदलून घेतो, तो भेसळ करत नाही. एवढी मेहनत आपण तरी दुसऱ्याच्या संगीतासाठी करतो का?

आता शंकर महादेवन. नाही, बँड त्यांचा नाही, पण आज त्यांच्याशिवाय शक्ती डोळ्यांसमोर येत नाही हेही खरं. १९७८ मध्ये मूळ बँड थांबला. १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ नावाने परत उभा राहिला, तेव्हा बासरीवर पंडित हरिप्रसाद चौरसिया होते. मग मॅन्डोलिनवर यू. श्रीनिवास आले, विक्कूजींच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वगणेश कंजिरा, म्हणजे छोटा डफ, घेऊन बसला, आणि चेंबूरला वाढलेले शंकरजी गायला लागले. तोपर्यंत ह्या बँडमध्ये गायक नव्हताच! मॅकलॉफलिन आता इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता, म्हणून काही जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही. मला रुचतं. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत वाजवलेलं ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ म्हणून निघालं, त्यात पंडित शिवकुमार शर्मा आहेत, झाकीरभाईंचे दोन्ही भाऊ, फजल आणि तौफिक कुरेशी आहेत, शिवमणी आहेत. ती सीडी मी इतकी वाजवली की तिच्यावर चरे पडले.

श्रीनिवास २०१४ मध्ये गेले, अवघे पंचेचाळीस वर्षांचे. मला वाटलं, संपलं. पण २०२३ मध्ये ‘धिस मोमेंट’ आला, गणेश राजगोपालन व्हायोलिनवर, ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर स्टुडिओत केलेला शक्तीचा पहिला अल्बम, छेचाळीस वर्षांनी! फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले.

प्रभाव काय, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. माझ्यासाठी उत्तर कोन्नकोलमध्ये आहे. मॅकलॉफलिन आणि सेल्वगणेश यांनी कोन्नकोल शिकवणारी डीव्हीडी काढली. आज जाझ ड्रमर ‘त क दि मि’ म्हणत ताल मोजताना सहज दिसतात. ज्या बोलांवरून मी आणि मैत्रीण भांडलो, तसले बोल कुठल्या कुठे पोचलेत बघा.

तर कुठून ऐकायचं? ‘ला डान्स दु बोनर’पासून. हेडफोन लावा, हाताने टाळी देत राहा, आणि सगळे एकत्र उतरतात ती जागा पकडा. तो ठोका समेवर पडला की समेच्या आधी संपून सम मोकळी राहिली, ते मिनिट-सेकंदासकट कमेंटमध्ये लिहा. माटुंग्याची मैत्रीण येत्या रविवारी माझ्याकडे येणार आहे. तिला मृदंगम घेऊन यायला सांगितलंय, तुमच्या कमेंट आम्ही दोघी वाजवूनच तपासणार आहोत.