मिठाखालचा खोटा डोंगर

[दृश्य: रात्रीचा समुद्र, जहाजामागे लांबच लांब केबली]

मेक्सिकोचं आखात. तळाखालच्या तेलाचा शोध चालू आहे. दर काही सेकंदांनी एअरगन दाबलेल्या हवेचा बार काढते. आवाज तळाखालच्या थरांवर आपटून परत येतो आणि केबलींतले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, तो टिपतात. कळतो तो फक्त वेळ. खोली काढायची तर वाटेतला वेग माहीत हवा. इथेच मीठ आडवं येतं.

हे मीठ जुरासिक काळातलं, समुद्राचं पाणी आटून साचलेलं. वर गाळाचं ओझं चढत गेलं तसं ते मळलेल्या कणकेसारखं दाबलं गेलं आणि वाट मिळेल तिथून वर घुसलं. कुठे घुमट झाले, कुठे छत्र्या.

आसपासच्या गाळात आवाज सेकंदाला ३००० मीटर जात असेल, तर मिठात ४५००. म्हणजे २ किलोमीटर जाड मिठातून जाऊन-येऊन ०.९ सेकंद, तेवढ्याच गाळातून १.३. मिठाखालून आवाज लवकर परततो, आणि सपाट पडलेला थर चित्रात उगाच फुगलेला दिसतो. अशा खोट्या डोंगरावर विहीर खोदायची म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

[दृश्य: संगणकाचा पडदा]

आता या रेषा पाहा. जमिनीतला एकच बिंदू, पण जवळच्या आणि दूरच्या हायड्रोफोननी टिपलेला. वेग बरोबर धरला असेल तर सगळ्यांनी एकच खोली सांगायला हवी, रेषा आडवी यायला हवी. ही वर वळलीय: वेग कमी धरला. ही खाली झुकलीय: जास्त धरला.

परावर्तन टोमोग्राफी, म्हणजे परतलेल्या आवाजावरून वेग शोधायची पद्धत, या वाकण्यावरच चालते. जमिनीच्या चित्राच्या छोट्या चौकटी पाडायच्या, आवाजाच्या प्रत्येक किरणाची वाट मागे काढायची, चूक त्या वाटेवरच्या चौकटींत वाटून द्यायची, लाखो समीकरणं एकदम सोडवायची. नवं चित्र, नवं वाकणं, पुन्हा गणित. क्रमही ठरलेला: आधी गाळाचा वेग, मग मिठाचा वरचा काठ, मग खालचा, शेवटी मिठाखालचं.

खरी पंचाईत मिठाच्या उभ्या कडेला. तिथून किरण मोजकेच परततात, तेही ठराविक कोनांतून. गणित तिथे आंधळं होतं, आणि मिठाची कड शेवटी भूशास्त्रज्ञाच्या अंदाजाने आखली जाते.

२०१७ मध्ये बीपी या तेल कंपनीने याच आखातातल्या ॲटलांटिस तेलक्षेत्रात २० कोटी बॅरल जादा तेल सापडल्याचं जाहीर केलं. पद्धत टोमोग्राफीच्या पुढची, टिपलेली अख्खी लहर गणितातल्या लहरीशी जुळवणारी. क्षेत्र मात्र जुनंच, २००७ पासून तेल देणारं. मिठाखालचं चित्र तेवढं सुधारलं होतं.