डिमेन्शिया: डॉक्टर चार, औषधांची पिशवी एकच

नमस्कार. डिमेन्शिया असलेल्या आजी-आजोबांची औषधं बहुतेक वेळा तीन-चार डॉक्टरांकडून आलेली असतात. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. घोटाळा होतो तो या चिठ्ठ्या कोणी एकत्र वाचत नाही म्हणून.

न्यूरॉलॉजिस्ट स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल सुरू करतात. आधी 5 मिलिग्रॅम, सोसलं तर चार-सहा आठवड्यांनी 10. या गोळीमुळे मेंदूत ॲसिटिलकोलिन हे नसांचे निरोप पोचवणारं रसायन जास्त वेळ टिकतं. पण मूत्राशय आवळतं तेही ॲसिटिलकोलिनच, त्यामुळे काहींना लघवी आवरत नाही. मग युरॉलॉजिस्ट ऑक्सिब्युटिनिन देतात, आणि ते ॲसिटिलकोलिनचं कामच अडवतं! तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, गोंधळ वाढतो. घरचे म्हणतात, आजार वाढला. मग शांत ठेवणारी आणखी एक गोळी येते. युरॉलॉजिस्टना डोनेपेझिल कधी सुरू झालं ते कळलं असतं, तर ही साखळी तिथेच तुटली असती. सर्दीच्या औषधातलं क्लोरफेनिरामिन आणि झोपेसाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिनही असाच अडथळा आणतात.

दुसरी जोडी हृदयाची. रक्तदाबासाठी दिलेलं मेटोप्रोलॉल नाडी मंदावतं, डोनेपेझिलही. चक्कर येते, माणूस पडतो, खुबा मोडतो. म्हणून नर्सने किंवा केअरटेकरने नाडी पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहावी. 50 च्या खाली गेली किंवा घेरी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळ्या मनाने बंद करू नका.

गिळताना ठसका लागतो हे स्पीच थेरपिस्टच्या लक्षात येतं. ते औषध लिहिणाऱ्यापर्यंत पोचलं नाही, की घरी गोळ्या कुटून दिल्या जातात. मेटोप्रोलॉलची हळूहळू विरघळणारी गोळी कुटली, तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. बहुतेक औषधांना पातळ किंवा दुसरा पर्याय असतो, पण विचारायला तर हवं.

म्हणून एक फिजिशियन मुख्य ठरवा. दर तीन महिन्यांनी सगळी पाकिटं पिशवीत घालून त्यांच्याकडे न्या. नुसती यादी नको. आयुर्वेदिक चूर्ण, डोळ्यांचे थेंब, मेडिकलमधून परस्पर आणलेलं, सगळं. प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहा: कोणी दिलं, कशासाठी, कधीपासून.

आणि एक-दोन दिवसांतच वागणं एकदम बदललं, तर मानसोपचारतज्ज्ञांच्या आधी फिजिशियनकडे जा. लघवीचा संसर्ग, शौचाला न होणं, अंगात पाणी कमी होणं, न सांगता येणारं दुखणं, हे आधी तपासायला हवं. त्यांना विचारायचा प्रश्न असा: "गेल्या पंधरा दिवसांत कोणतं औषध नवीन आलंय?"